कडक मास्तरांचे देणे आणि घेणे

आपल्या मराठी घरांतून शिक्षकांच्या आठवणी निघाल्या की एक गोष्ट हमखास दिसून येते. प्रेमळ, मवाळ मास्तर त्या त्या वेळी साऱ्यांनाच हवेहवेसे वाटलेले असतात; परंतु साठीच्या घरात पोहोचलेला मनुष्य आठवण काढतो ती मात्र बहुधा कडक मास्तरांची. ‘त्यांनी मला उभे केले,’ असे तो म्हणतो, आणि मराठी भाषेच्या कृपेने त्या वाक्याचे दोन्ही अर्थ खरे असतात. वर्गात उत्तर आले नाही म्हणून उभे केले, आणि पुढे आयुष्यात स्वतःच्या पायांवरही उभे केले. या दोन अर्थांचा परस्परांशी कितपत संबंध आहे? पहिले झाल्यावाचून दुसरे होतच नाही काय? हा प्रश्न ज्या घरात शिकते मूल आहे त्या प्रत्येक घराचा आहे. तो ज्या चित्रपटाने फार नेमकेपणाने मांडला, त्याचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा असे बरेच दिवस मनात होते.

चित्रपटाचे नाव ‘द पेपर चेस’, म्हणजे कागदाचा पाठलाग. १९७३ साली अमेरिकेत तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जेम्स ब्रिजेस. कथा जॉन जे ऑस्बॉर्न या तरुण लेखकाच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून घेतलेली. ऑस्बॉर्न स्वतः हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयात शिकले होते. चित्रपटात मारामारी नाही, खून नाही, रूढ अर्थाने खलनायकही नाही. एक मोठा वर्ग आहे, त्यात कायद्याच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आहेत आणि समोर कराराचा कायदा शिकविणारे प्राध्यापक किंग्जफील्ड आहेत. एवढ्या सामग्रीवर दोन तास प्रेक्षकाचा श्वास रोखून धरणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

वर्गातील पहिला दिवस

मिनेसोटाहून आलेला हार्ट हा या कथेचा नायक. त्याची भूमिका टिमथी बॉटम्स यांनी केली आहे. पहिल्याच दिवशी किंग्जफील्ड समोरच्या आसनांच्या तक्त्यावरून नजर फिरवितात. त्या तक्त्यावर प्रत्येक जागेसमोर विद्यार्थ्याचे छायाचित्र चिकटविलेले असते. ते नेमके हार्टचे नाव उच्चारतात आणि एका खटल्याची हकीकत सांगावयास फर्मावितात. पहिल्या तासापूर्वीच वाचून येण्याचे खटले फलकावर लावले होते, याचा हार्टला पत्ताच नसतो. भरल्या वर्गात त्याची फजिती होते आणि तास संपल्यावर त्याला ओकारी येते.

येथून पुढे एक वर्षाची झुंज सुरू होते. मुले अभ्यासगट करतात. एकेकाने एकेका विषयाची टिपणे काढावयाची आणि परीक्षेपूर्वी ती सर्वांनी वाटून घ्यावयाची असा करार होतो. करार शिकणाऱ्या मुलांचा हा करारच शेवटी टिकत नाही, हा लेखकाचा मार्मिक टोला आहे. एका विद्यार्थ्यास आपल्या टिपणांचा एवढा लोभ सुटतो की ती तो कोणास दाखविण्यासही तयार होत नाही. गटातले सदस्य एकामागून एक गळत जातात. इकडे हार्टची एका तरुणीशी ओळख होते, ती दृढ होते, आणि नंतर उलगडा होतो की ती किंग्जफील्ड यांचीच कन्या आहे. वर्गात ज्यांच्यापुढे वाचा बसते, त्यांच्या घराच्या दारात उभे राहण्याची पाळी त्याच्यावर येते.

किंग्जफील्ड यांची भूमिका केली आहे जॉन हाउसमन यांनी. १९०२ साली बुखारेस्ट येथे जन्मलेले हे गृहस्थ रंगभूमीचे निर्माते आणि दिग्दर्शक म्हणून विख्यात होते; पडद्यावर त्यांनी पूर्वी फारसे काम केलेले नव्हते. विशेष म्हणजे ते स्वतःच एक नामांकित शिक्षक होते. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेतील नाट्यविभागाची धुरा त्यांनी सांभाळली होती. वयाच्या सत्तरीनंतर केलेल्या या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार १९७४ च्या समारंभात मिळाला. पुढे १९७८ मध्ये याच कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली, तीतही किंग्जफील्ड तेच होते. आवाज न चढविता, भुवई किंचित उंचावून शंभर मुलांचा वर्ग गप्प करणारा हा प्राध्यापक ज्याने एकदा पाहिला, त्याला आपल्या शाळेतले कोणीतरी आठवल्याखेरीज राहत नाही.

एका हाताची गोष्ट

आता हार्टला विचारला गेलेला तो खटला कोणता, ते पाहू. कारण या शिक्षकाची खरी किंमत तेथे कळते. तो खटला काल्पनिक नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२९ मध्ये निकाल दिलेला हॉकिन्स विरुद्ध मॅगी हा तो खटला. हॉकिन्स नावाच्या मुलाचा तळहात विजेच्या तारेने भाजला होता व त्यावर व्रण राहिला होता. हात शंभर टक्के चांगला करून देतो, असे आश्वासन देऊन डॉक्टरांनी छातीवरची कातडी काढून तळहातावर बसविली. झाले असे की त्या तळहातावर दाट केस उगवू लागले आणि हात पूर्वीपेक्षाही निकामी झाला.

नुकसानभरपाई द्यावयाची, हे कोणीही सांगेल. पण ती मोजावयाची कशी? शस्त्रक्रियेपूर्वीचा हात आणि नंतरचा हात यांतील फरकाने? की वचन दिलेला निर्दोष हात आणि प्रत्यक्ष पदरी पडलेला हात यांतील फरकाने? न्यायालयाने दुसरे माप योग्य ठरविले, कारण करारात माणसाला जे मिळावयाचे कबूल झाले होते तेच त्याचे देणे. मग शस्त्रक्रियेत सोसलेल्या वेदनांचे काय? त्या वेगळ्या धरता येत नाहीत, असे न्यायालय म्हणाले. चांगला हात मिळविण्यासाठी रुग्ण त्या वेदना सोसण्यास तयारच होता; ती त्याने स्वतः देऊ केलेली किंमत होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून पाहावे. ‘करारभंग झाल्यास नुकसानभरपाई मिळते’ हे वाक्य पाठ करणे ही एक गोष्ट झाली. आणि त्या केसाळ हाताची किंमत कशी करावी याचा विचार करणे ही अगदी निराळी गोष्ट झाली. पहिल्या गोष्टीने परीक्षा उत्तीर्ण होता येते, दुसरीने वकील होता येते. किंग्जफील्ड उत्तर कधीच सांगत नाहीत. विद्यार्थ्याने एक उत्तर दिले की ते वस्तुस्थितीत थोडा बदल करून पुढचा प्रश्न विचारतात, आणि मघाचे उत्तर डळमळू लागते.

असे प्रश्न विचारण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपल्या देशात कराराचा कायदा १८७२ पासून लागू आहे आणि तो शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या ग्वाल्हेरहून फार दूर नसलेल्या कानपूरचा एक खटला वाचावा लागतो. गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी आपले मुनीम लालमन शुक्ल यांस शोधासाठी हरिद्वारास पाठविले. मागाहून त्यांनी पत्रके काढून, मुलाचा शोध लावणाऱ्यास ५०१ रुपये बक्षीस जाहीर केले. मुनीमजींना या बक्षिसाची वार्ताही नव्हती. त्यांनी मुलगा शोधून आणला आणि नंतर बक्षीस मागितले. १९१३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. जो प्रस्ताव ठाऊकच नव्हता तो स्वीकारला असे म्हणता येत नाही, आणि मुलास शोधणे हे तर नोकर या नात्याने त्यांचे कामच होते. घरात जेवताना हा खटला मुलांपुढे मांडून पाहावा. ‘हा अन्याय आहे,’ असे एक मूल म्हणेल. ‘पण त्यांना ठाऊकच नव्हते ना,’ असे दुसरे म्हणेल. आणि भाजी निवून जाईपर्यंत वाद चालेल.

पुस्तक, प्रश्न आणि आपले कायदेपंडित

खटले वाचून येणे आणि वर्गात प्रश्नोत्तरांतून तत्त्व शोधणे ही रीत हार्वर्डमध्ये आणली क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांनी. १८७० मध्ये ते तेथील कायदा विद्यालयाचे प्रमुख झाले आणि १८७१ मध्ये त्यांनी करारविषयक निवडक खटल्यांचे पुस्तक काढले. त्यापूर्वी प्राध्यापकाने सांगावे आणि विद्यार्थ्याने उतरून घ्यावे असा शिरस्ता होता. आरंभी विद्यार्थ्यांस हा बदल मानवला नाही. पैसे भरून यावयाचे आणि वर प्रश्नांचा मारा सोसावयाचा, हे कोणास आवडेल? परंतु हळूहळू याच पद्धतीने सारी अमेरिका व्यापली.

आपल्याकडे कायद्याच्या शिक्षणाची परंपरा मोठी आहे आणि तीत मराठी नावांची वाण नाही. लोकमान्य टिळकांनी फर्ग्युसन महाविद्यालय सोडल्यानंतर पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी वर्ग चालविला होता. धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास लिहिणारे आणि १९६३ मध्ये भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ पासून १९३८ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. पुण्यात १९२४ मध्ये इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय निघाले, त्याचे पहिले प्राचार्य जे. आर. घारपुरे होते.

असे अध्यापक लाभूनही सर्वसाधारण विधि महाविद्यालयाचे चित्र मात्र बराच काळ निराळेच राहिले. सकाळी किंवा सायंकाळी दोन तास जावयाचे, ‘टर्म’ भरावयाची, टिपणे उतरून घ्यावयाची आणि परीक्षेच्या महिन्यात गाइड उघडावयाचे, अशा रीतीने कायद्याच्या पदव्या घेणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नव्हती. बंगळूरचे राष्ट्रीय विधि विद्यालय प्रा. माधव मेनन यांच्या पुढाकाराने उभे राहिले, १९८८ मध्ये त्याची पहिली तुकडी सुरू झाली, आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, खटल्यांची पूर्वतयारी व वर्गातील चर्चा यांस आपल्या देशात प्रतिष्ठा मिळाली. आज आपल्या घरांतील मुले-मुली बारावीनंतर ज्या प्रवेशपरीक्षेस बसतात, ती या आणि अशा विद्यापीठांसाठीची.

ग्वाल्हेरचा दाखला

ग्वाल्हेरकर वाचकांस मात्र एक निराळाच दाखला जवळचा वाटेल. तो कायद्याच्या वर्गातला नसून संगीताच्या वर्गातला आहे. परंतु तो घडविणारा गृहस्थ वकील होता. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेतली, काही काळ वकिलीही केली. पुढे त्यांनी आयुष्य संगीताला वाहिले, तरी पुरावा गोळा करण्याची, वर्गीकरणाची आणि उलटतपासणीची वकिली सवय त्यांना सोडून गेली नाही. घराण्याघराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा त्यांनी जमविल्या, स्वरलिपीत मांडल्या आणि छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. लँगडेल यांनी खटल्यांचे जे केले तेच भातखंड्यांनी चिजांचे केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघाले, ते याच पद्धतीवर. त्यासाठी येथून काही गायकांना भातखंड्यांकडे मुंबईस पाठविण्यात आले होते. त्यांत राजाभैया पूछवाले होते.

त्याच ग्वाल्हेरात १९१४ पासून पंडित कृष्णराव शंकर पंडित यांचे शंकर गांधर्व विद्यालयही होते. कृष्णरावांना तालीम मिळाली ती त्यांचे वडील शंकरराव पंडित यांच्याकडून, घरात, समोर बसून. जुन्या तालमीचे सारे बळ गुरूच्या सहवासात असे. गुरू कडक असे, कित्येकदा निष्ठुर वाटावा इतका. एकच पलटा दिवसचे दिवस घोटवून घेई. परंतु शिष्याचा आवाज कोठे फाटतो, त्याचा दम कोठे तुटतो, त्याच्या घरी आज काय घडले, हे त्याला ठाऊक असे. उणीव होती ती दुसऱ्या बाजूला. ‘असे का?’ हा प्रश्न शिष्याने विचारावयाचा नसे.

भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाची रचना या दृष्टीने मोठी अर्थपूर्ण आहे. तो सारा ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादरूपाने लिहिला आहे, आणि त्यात शिष्य मोकळेपणी शंका काढतो. किंग्जफील्ड यांच्या वर्गात केवळ गुरू विचारतो आणि शिष्य थरथरत उत्तर देतो. येथे शिष्यही विचारतो आणि गुरूला उत्तर द्यावे लागते. प्रश्नाचा मार्ग दोन्ही दिशांनी खुला असू शकतो, हे एका मराठी वकिलाने अशा रीतीने लिहून ठेवले आहे.

नई सडकेवरील एक संध्याकाळ

गेल्या हिवाळ्यात लश्करातील नई सडकेवर एका परिचितांच्या दिवाणखान्यात आम्ही चार-पाच कुटुंबांनी हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. सत्तरी ओलांडलेले एक वकीलकाका होते, विधि-प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी घरची मुलगी होती, तिची आजी होती. इंग्रजी संवाद आजींना समजावून सांगावे लागत होते. पण चित्रपट संपल्यावर सर्वांत आधी बोलल्या त्या आजीच.

चित्रपटाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. परीक्षा झाली आहे. हार्ट आणि किंग्जफील्ड योगायोगाने लिफ्टमध्ये समोरासमोर येतात. वर्षभर ज्यांचा एकेक शब्द त्याने झेलला, ज्यांच्यासाठी रात्री जागविल्या, त्यांना तो भारावून सांगतो की तुमच्या वर्गाने मला फार काही दिले. किंग्जफील्ड शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, आपले नाव काय?

“अहो, त्या गुरुजींना त्याचे नावच ठाऊक नाही!” आजी म्हणाल्या. “मुलगी ज्याच्याबरोबर हिंडते तो हा, एवढेसुद्धा नाही?”

वकीलकाका हसले. ते म्हणाले, “आजी, आमच्या लॉ कॉलेजात कोणी प्रश्नच विचारीत नसे, नावाचे काय घेऊन बसलात! मी वकिली शिकलो ती माझ्या सीनियरांच्या बैठकीत. लिहून आणलेला दावा ते वाचीत, ‘हे वाक्य येथे कशाला?’ असे विचारीत, आणि उत्तर पटले नाही की कागद फाडून टाकीत. एकदा तर एकच दावा चार वेळा फाडला. पण चौथ्यांदा फाडल्यावर म्हणाले, ‘रात्र झाली आहे, आधी जेवून घे, मग पाचव्यांदा लिही.’ पाचव्यांदा लिहिलेला तो दावा मी अजून जपून ठेवला आहे.”

“काका, तुमचे सीनियर निदान ‘कशाला?’ असे विचारीत तरी होते,” मुलगी म्हणाली. “आमच्या परीक्षेत दोन तासांत १२० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला चार पर्याय. क्लासमध्ये शिकवितात ते चुकीचे तीन पर्याय लवकर कसे खोडावेत हे. मला तर त्या हार्टचा हेवाच वाटला. निदान त्याला कोणी विचारले तरी, की बाई, तुला असे का वाटते?”

हार्टचे ‘बाई’ झालेले पाहून सगळे हसले. परंतु मुलीचे बोलणे आमच्या मनात रुतून बसले. कठोर गुरूची भीती वाटावयाची, त्याऐवजी त्याचा हेवा वाटावा, अशी वेळ आजच्या मुलांवर आली आहे. ताण पूर्वीइतकाच आहे, कदाचित अधिक. मात्र त्या ताणातून मिळावयाचा तो प्रश्न नाहीसा झाला आहे.

घेणे

चित्रपटाने या पद्धतीची किंमतही लपविलेली नाही. हार्टच्या गटात केव्हिन ब्रुक्स नावाचा एक विद्यार्थी आहे. त्याची स्मरणशक्ती अशी की वाचलेले पान डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहावे. तो विवाहित आहे, संसाराची जबाबदारी त्याच्यावर आहे. सारे खटले त्याला मुखोद्गत आहेत. पण प्रश्न किंचित फिरविला की त्याला वाट सुचत नाही, कारण वाट पानावर छापलेली नसते. वर्गात त्याची ही उणीव सर्वांदेखत उघडी पडते. तो खचत जातो आणि शेवटी स्वतःचा जीव घेण्याच्या टोकापर्यंत पोहोचतो. शिक्षकाच्या नजरेतून तो केव्हाच निसटलेला असतो. तक्त्यावर त्याचे छायाचित्र आहे. पण त्या छायाचित्रामागील माणसाची विचारपूस करणे हे कोणाचेच काम नाही.

हे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या भागातील कितीतरी घरांनी मुलांना कोट्याला पाठविले आहे. २०२३ या एका वर्षात तेथे शिकवणीसाठी राहिलेल्या वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि वसतिगृहांच्या छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचे आदेश प्रशासनास काढावे लागले. पंख्याला स्प्रिंग बसविता येते. परंतु आठवड्याच्या चाचणीत क्रमांक घसरलेल्या मुलास ‘तुला काय कळले नाही?’ असे विचारणारा मनुष्य आदेशाने नेमता येत नाही. जेथे हजारो मुले बसतात तेथे नावाची जागा क्रमांक घेतो, आणि क्रमांक रडला तर ऐकू येत नाही. ज्या घरातील मूल अशा मनःस्थितीत असेल त्या घराने लाजू नये. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

नाव ठाऊक असणे ही भावनेची चैन नव्हे, हे दाखविणारी एक गमतीची हकीकत आपल्या ग्वाल्हेरच्याच इतिहासात आहे. येथे वाढलेले, पुढे देशाचे पंतप्रधान झालेले अटलबिहारी वाजपेयी कानपूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कायदा शिकावयास गेले, तेव्हा शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले त्यांचे वडील कृष्णबिहारी यांनीही त्यांच्यासोबत त्याच वर्गात नाव घातले. दोघे वसतिगृहात एकत्र राहत. वाजपेयींनी स्वतःच सांगितले आहे की वडील वर्गास आले नाहीत की प्राध्यापक मुलास विचारीत, आणि मुलगा दिसला नाही की वडिलांस. शेवटी दोघांपैकी एकाला तुकडी बदलून घ्यावी लागली! वाजपेयींचे कायद्याचे शिक्षण पुरे झाले नाही. पण ज्या वर्गात एका रिकाम्या जागेची चौकशी होते, त्या वर्गात केव्हिन ब्रुक्स इतक्या सहजासहजी हरवला नसता, असे आम्हांस वाटते.

कागदाचा पाठलाग

मग किंग्जफील्ड वाईट शिक्षक ठरतात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रपटातच त्यांची बाजू एका सुंदर प्रसंगात मांडली आहे. हार्ट आणि त्याचा सोबती रात्री चोरून ग्रंथालयाच्या बंद दालनात शिरतात. तेथे जुन्या प्राध्यापकांची टिपणे जपून ठेवलेली असतात. धूळ झटकून ते एक वही काढतात. ती किंग्जफील्ड यांची, ते स्वतः विद्यार्थी असतानाची. तीच धडपड, तेच खटले, आपल्यासारखीच घाईघाईने काढलेली टिपणे! ज्याला आपण पाषाण समजत होतो तोही एकदा याच बाकावर बसून भेदरलेला होता, हे हार्टला उमगते. त्याला जे मिळाले तेच तो पुढे देतो आहे. मात्र ते त्याला ज्या थंडपणाने मिळाले, त्या थंडपणासकट तो देतो आहे, आणि तेवढेच टाळता येण्यासारखे होते.

टाळता येते, याचा दाखला ही कथा लिहिणाऱ्या ऑस्बॉर्न यांच्याच चरित्रात आहे. २०२२ मध्ये निधन पावलेले हे गृहस्थ उत्तरायुष्यात सॅन फ्रान्सिस्को येथे कायद्याचे प्राध्यापक झाले, आणि शिकवीत असत तो विषयही कराराचाच. किंग्जफील्डला जगप्रसिद्ध करणाऱ्यानेच किंग्जफील्डची खुर्ची स्वीकारली. कठोर वर्गातून गेलेला मनुष्य त्या वर्गाचा राग धरून पळून जात नाही, तो तेथे परतून येतो, यावरून त्या विषयाची गोडी त्याला कोठे लागली असेल हे उघड आहे.

चित्रपटाचा शेवट समुद्रकिनाऱ्यावर होतो. निकालाचे पाकीट येते. किंग्जफील्ड यांनी हार्टला उत्तम गुण दिले आहेत, हे प्रेक्षकांस ठाऊक असते, हार्टला नसते. तो पाकीट न उघडता त्याचे कागदी विमान करतो आणि समुद्राच्या दिशेने भिरकावून देतो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस हा प्रसंग पाहून धक्का बसतो. नई सडकेवरही बसला. “अरे, निदान बघून तरी फेकायचे!” असे उद्गार निघालेच. गुणपत्रिका फेकून द्यावी असा उपदेश आम्ही करणार नाही; आपल्या मुलांस पुढच्या प्रवेशासाठी ती लागते. परंतु हार्टने जे मिळविले ते त्या कागदावर नव्हते, आणि हे कळण्याइतका तो शिकला होता, एवढे तर मान्य करावेच लागेल.

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाने शिक्षणावर नेहमीच भिस्त ठेवली. जहागिरी गेल्या, संस्थाने गेली, तरी पोरे शिकली म्हणून घरे तरली. म्हणूनच शिक्षक निवडताना आपण ‘निकाल कसा लागतो?’ हे आधी विचारतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. हे शिक्षक मुलास ‘का?’ असे विचारतात काय? आणि वर्गातली त्याची जागा एक दिवस रिकामी राहिली, तर ती त्यांच्या ध्यानात येते काय? पहिल्याचे उत्तर होय असेल आणि दुसऱ्याचे नाही, तर मूल हार्ट होईल किंवा केव्हिन होईल, हे दैवावर सोडावे लागेल. दोन्हींचे उत्तर होय असेल, तर शिक्षक कितीही कडक असोत, मुलास निर्धास्तपणे त्यांच्या स्वाधीन करावे. आणि दोन्हींचे उत्तर नाही असेच येत असेल, तर तोवर निदान रात्रीच्या जेवणाच्या पंगतीला मुलांपुढे कानपूरच्या त्या मुनीमजींचा खटला मांडावा. त्या पंगतीत प्रश्न विचारणाऱ्यास प्रत्येकाचे नाव ठाऊक असते.